मेढीचा गोतावळा

मराठीत कुठल्याही मोठ्या कामाची सुरुवात दोन तऱ्हांनी होते. एक तर त्याचा पाया घालतात, नाहीतर त्याची मुहूर्तमेढ रोवतात. साखर कारखान्याच्या अहवालात, शाळेच्या शताब्दी स्मरणिकेत, सत्काराच्या भाषणात हे दोन्ही वाक्प्रचार आलटून पालटून येतात. कधी कधी तर एकाच वाक्यात आधी मुहूर्तमेढ रोवली जाते आणि स्वल्पविराम ओलांडला की पाया भक्कम होतो. हे वाक्य एखाद्या जुन्या गवंड्याला वाचून दाखवले तर तो हसेल, कारण ही दोन निराळी बांधकामे आहेत. ज्या घराला पाया आहे त्याला मेढ लागत नाही, आणि जे मेढींवर उभे आहे त्याला पाया नसतो. तिथे मेढच पाया.

हे दुसरे बांधकाम म्हणजे आपला शेतावरचा गोठा. जमिनीत खांब पुरायचे, त्यांच्या डोक्यावर आडवी लाकडे ठेवायची, वर छप्पर चढवायचे, आणि भिंती जमल्या तर घालायच्या. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, हीच पद्धत नव्याने सापडली. तारांसाठी वापरतात तसले तेल मुरवलेले खांब जमिनीत पुरायचे आणि वर लोखंडी पत्रा ठोकायचा. पायाचा खर्च वाचतो, गवंड्याची वाट बघावी लागत नाही, घरची माणसे आणि दोन शेजारी मिळून काम उरकते. त्याला तिथे ‘पोल बार्न’ म्हणतात. यातला ‘पोल’ लॅटिन ‘पालुस’पासून, म्हणजे खुंटापासून निघाला. ‘बार्न’ हा जुन्या इंग्रजीतला जोडशब्द आहे: ‘बेरे’ म्हणजे सातू आणि ‘एर्न’ म्हणजे घर. सातूचे घर. त्याचा मराठी भाऊबंद शोधायचा तर तो ‘कोठार’, म्हणजे कोष्ठागार. गोठ्याचे कूळ वेगळे आहे आणि त्याच्याकडे यायला थोडा वेळ लागेल, कारण वाटेत मेढ उभी आहे.

मेढ म्हणजे साधा खांब नव्हे. वरच्या टोकाला बेचके असलेले लाकूड म्हणजे मेढ. झाडाची फांदी जिथे दुभंगते तिथे तोडली की बेचके आयतेच मिळते. त्यात आडवे लाकूड बसते, ना खिळा लागतो ना सांधा. अशा मेढी शेजारी शेजारी रोवून केलेल्या तटबंदीला ‘मेढेकोट’ म्हणत. दगडी तट बांधायला सवड नसली की फौजा लाकडाचा कोट करून आत बसत.

संस्कृतात हा शब्द ‘मेथि’ किंवा ‘मेधि’ असा आहे. भाजीची मेथी वेगळी, तिचा इथे संबंध नाही. खळ्याच्या मध्यभागी जो खुंट रोवतात आणि ज्याच्याभोवती मळणीचे बैल फिरतात, तो संस्कृतात मेधि. मराठीत त्याला आपण तिवडा म्हणतो, पण मेढ हे नावही त्याला चालत असे. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडात, म्हणजे विवाहाच्या सूक्तांत, वधूला काय काय सुखाचे होवो याची एक यादी आहे. त्यात सोने आहे, पाणी आहे, जुवाचे भोक आहे आणि मेथिही आहे. म्हणजे लग्नात मेढीला मान मिळण्याची रीत आपल्या मांडवाइतकी किंवा त्याहून कितीतरी जुनी. पुढे जैन आगमांच्या अर्धमागधीत ‘मेढी’ माणसाला लावलेली दिसते. उवासगदसाओ या ग्रंथातला आनंद नावाचा गृहस्थ आपल्या कुटुंबाची मेढी होता, असे तिथे म्हटले आहे. आपण आज एखाद्याला घराचा आधारस्तंभ म्हणतो तसेच. पण स्तंभाभोवती कोणी फिरत नाही. मेढीभोवती सगळे खळे फिरते, म्हणून मला ती उपमा जास्त नेमकी वाटते.

हल्ली मुहूर्तमेढ मंगल कार्यालयाच्या फरशीवर रोवायची वेळ येते. मग मातीने भरलेल्या डब्यात किंवा कुंडीत ती उभी करतात, आंब्याचा डहाळा बांधतात, हळदकुंकू वाहतात. बाहेरचा मांडव लोखंडी पायपांचा, भाड्याने आणलेला, आणि तो या मेढीवर एका पैशाचाही भार टाकत नाही. तरी क्रियापद बदलत नाही. मेढ ‘ठेवली’ असे कोणी म्हणत नाही. ती रोवावीच लागते.

हे क्रियापद जरा बारकाईने बघण्यासारखे आहे. संस्कृत ‘रुह्’ म्हणजे उगवणे, वाढणे. त्याचे प्रयोजक रूप ‘रोपयति’, म्हणजे उगवायला लावणे. प्राकृतात ‘प’चा ‘व’ झाला आणि मराठीला ‘रोवणे’ मिळाले. ‘रोप’ हा त्याचाच भाऊ. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भाताच्या लावणीला आजही ‘रोवणी’ म्हणतात. कोकणातला माणूस तिथे गेला तर चिखलात काय रोवताहेत म्हणून खांब शोधत बसेल. खांब आणि भाताचे रोप यांना भाषेने एकाच क्रियापदात घातले, आणि त्यामागे निव्वळ कविकल्पना नसावी. पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा ओला सोट कुंपणाला रोवला की पहिल्या पावसात त्याला खरोखरच पाने फुटतात. उलट ‘पुरणे’ बघा. जे पुरतो ते वर यावे अशी अपेक्षा नसते: मडे, हंडा, हाडे. खांबाचा खालचा तीन फुटांचा भाग पुरलेला असतो आणि वरचा रोवलेला. एकच लाकूड, पण त्याला क्रियापदे दोन लागतात.

खांब रोवताना काय करतात ते ज्याने पाहिले आहे त्याला संस्कृतातला एक न्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वेदान्ताच्या भाष्यांत ‘स्थूणानिखननन्याय’ येतो. स्थूणा म्हणजे खांब, निखनन म्हणजे जमिनीत गाडणे. खांब खड्ड्यात उभा केला की तो हलवून बघतात, ढिला लागला की आणखी ठोकतात, पुन्हा हलवतात, पुन्हा ठोकतात. सिद्धान्तही तसाच घट्ट करायचा: स्वतःच शंका काढून तो हलवायचा आणि उत्तर देऊन ठोकायचा. ज्या पंडिताने ही उपमा प्रथम वापरली त्याने शेतावर कधीतरी पहार धरली असणार, निदान धरणाऱ्याशेजारी उभे राहून सूचना तरी केल्या असणार.

कृती तशी सोपी, पण घाई केली की बिघडते. खांबाचा जमिनीवर जितका भाग दिसणार त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका भाग खाली जातो. नऊ फूट वर तर तीन फूट आत. खड्ड्याच्या तळाशी चपटा दगड टाकतात, म्हणजे ओझ्याने खांब खचत नाही. मग भोवती दगडगोटे आणि मुरूम थराथराने घालायचे आणि प्रत्येक थर पहारेच्या डोक्याने किंवा धुम्मसाने ठोकायचा. सगळा मुरूम एकदम लोटून वरून ठोकला तर वरचा वीतभर घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. कोकणात ऐन, किंजळ, खैर, देशावर बाभूळ, अशी ज्याची त्याची लाकडे ठरलेली. कुजण्याचे म्हणाल तर लाकूड तळाशी तितके लवकर कुजत नाही. जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे ते आधी जाते. म्हणून पुरायच्या भागाला वीतभर जमिनीच्या वरपर्यंत जाळून काळे करायचे किंवा डांबर फासायचे.

इथे एक मोह आवरला पाहिजे. तारेच्या कुंपणाच्या किंवा विजेच्या खांबाला पश्चिम महाराष्ट्रात ‘डांब’ म्हणतात. डांबाला डांबर फासतात, तेव्हा डांब आणि डांबर एकाच घरचे, असे म्हणायला जीभ वळवळते. पण डांबर हा बहुतेक समुद्रावरून आलेला शब्द आहे. मलायी भाषेत ‘दामार’ म्हणजे झाडाची राळ. गलबतांच्या फटी बुजवायला ती लागे, आणि व्यापाऱ्यांबरोबर तिचे नाव आपल्या किनाऱ्याला लागले. शब्दांच्या बाबतीत शेजार म्हणजे सोयरीक नव्हे.

‘खांब’ या शब्दावरून तर जुने व्याकरणकारही फसले होते. प्राकृतात खांबाला ‘खंभ’ म्हणतात. आता संस्कृत शब्द ‘स्तम्भ’, आणि ‘स्त’चा प्राकृतात नेहमी ‘थ’ होतो. मग इथे ‘ख’ कुठून आला? वररुचीने प्राकृतप्रकाशात त्यासाठी खास सूत्रच करून टाकले: स्तम्भ शब्दात ‘ख’ होतो. अडचण संपली. रिखार्ट पिशेलने १९०० साली प्राकृताचे मोठे व्याकरण लिहिले तेव्हा त्याने वेदाकडे बोट दाखवले. तिथे ‘स्तम्भ’च्या जोडीला ‘स्कम्भ’ असा वेगळाच शब्द आहे, अर्थही टेकू, आधार हाच. अथर्ववेदात सगळ्या विश्वाला तोलून धरणाऱ्या स्कम्भावर एक अख्खे सूक्त आहे. संस्कृत पंडितांनी तो शब्द जवळजवळ सोडून दिला, पण बोलणाऱ्यांनी सोडला नाही, आणि तो प्राकृतातून थेट आपल्या ओसरीवर आला. ‘स्तम्भ’ वाया गेला असे मात्र नाही. त्याचा नियमाप्रमाणे ‘थंभ’ झाला आणि त्यातून मराठीचे ‘थांबणे’ निघाले. म्हणजे खांब स्कम्भाचा आणि थांब स्तम्भाचा. पावसात गोठ्याच्या खांबाला टेकून थांबलेल्या माणसाने दोन वैदिक शब्द एकाच वेळी वापरात आणलेले असतात.

हत्यारांकडे एक नजर टाकून पुढे जाऊ. खांब सरळ उभा आहे की नाही हे ‘ओळंबा’ सांगतो. तो संस्कृत ‘अवलम्ब’, खाली लोंबणारा. कोपरा काटकोनात आहे की नाही हे सुताराचा ‘गुण्या’ सांगतो, आणि तो आला ग्रीकांकडून: ‘गोनिया’ म्हणजे कोन, अरबी-फारसीच्या वाटेने. गंमत अशी की आपला ‘कोण’ हाही त्याच ग्रीक शब्दावरून फार पूर्वी संस्कृतात आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर गुण्याने काटकोन तपासणारा सुतार एक ग्रीक शब्द दुसऱ्याला लावून बघत असतो. गुण्या नसला तरी अडत नाही. दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो. दोरीवाचून मात्र चालत नाही, आणि ते सुताराच्या नावातच आहे. सुतार म्हणजे ‘सूत्रधार’, मापाची दोरी धरणारा. नाटकवाल्यांनी तो शब्द रंगभूमीवर नेला. ज्याच्या हातात दोरी तो सगळ्यांना जागेवर उभे करणार, हे त्यांना पटले असावे. नाटकातला सूत्रधार संस्कृतच राहिला आणि लाकूड तासणारा झिजून सुतार झाला. मानमरातबाचा आणि उच्चाराचा हा संबंध मराठीत पुष्कळ ठिकाणी दिसतो.

आता वर चढू. मेढींच्या बेचक्यांत आडवी बसते ती तुळई. संस्कृत ‘तुला’ म्हणजे तुळई आणि तराजूही. तराजू म्हणजे तरी काय, मध्यावर टांगलेली आडवी काठी. सगळ्यांत उंच, छपराच्या कण्यासारखे लाकूड म्हणजे आढे. काम नसलेला माणूस ‘आढ्याकडे बघत’ पडतो तो तिथेच. आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरत आलेले वासे.

वासा म्हणजे ‘वंश’. वंश म्हणजे मुळात बांबू. वेदकाळच्या घराचे आढे बांबूचे होते, म्हणून आढ्यालाही वंश म्हणत. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात घर बांधतानाचे एक सूक्त आहे. त्यात वंशाला ‘स्थूणेवर चढ’ अशी विनवणी केली आहे, म्हणजे आढ्याने खांबावर नीट बसावे. सोमयागाच्या मांडवाला ‘प्राचीनवंश’ म्हणतात, कारण त्याचे आढे पूर्वेकडे तोंड करून असते. पाठीच्या कण्याला ‘पृष्ठवंश’ म्हटले तेही यावरूनच: पाठीचे आढे, आणि बरगड्या म्हणजे त्याचे वासे. पुढे एकातून एक पेर फुटणाऱ्या बांबूवरून घराण्याच्या पिढ्यांना वंश म्हणू लागले. घराणे सांगणारा वंश तत्सम राहून प्रतिष्ठित झाला आणि छपराखालचा वासा काजळीने काळा होत राहिला. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण ज्याने केली त्याला बहुधा या व्युत्पत्तीची कल्पना नव्हती, पण म्हण वंश आणि वासा या दोघांनाही लागू पडते.

छपराच्या उतरत्या बाजूला ‘पाख’ म्हणतात. दोन बाजूंना उतार असेल तर घर दुपाखी, चारी बाजूंना असेल तर चौपाखी. हा शब्द मला या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत आवडतो. पाख म्हणजे ‘पक्ष’, म्हणजे पंख. अथर्ववेदाच्या नवव्या कांडात शालेवर आणखी एक सूक्त आहे, त्यात घराला ‘द्विपक्षा’ आणि ‘चतुष्पक्षा’ अशी विशेषणे लावली आहेत. दुपाखी आणि चौपाखी! तीन हजार वर्षांत अर्थ जागचा हललेला नाही, नुसता उच्चार झिजला आहे. त्या सूक्तातले घर दोऱ्यांनी आणि गाठींनी बांधलेले आहे, आणि गाठी सोडून ते दान म्हणून दुसऱ्याला देऊन टाकायचे आहे. घर सोडून उचलून नेता येते, हे ज्याने मेढींचा गोठा एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हलवला आहे त्यालाच सहज पटेल.

वंशाची गोष्ट निघाली तेव्हा गोत्राकडे बघायला हवे. ऋग्वेदात ‘गोत्र’ म्हणजे गाई कोंडण्याची जागा. एकाच आवारात ज्यांच्या गाई ते एकमेकांचे नातलग, अशा काहीशा वाटेने तो शब्द कुळाकडे सरकला. मराठीत त्याचे ‘गोत’ झाले, त्यावरून गोतावळा, आणि तंट्याचा निवाडा करणारी मराठेशाहीतली ‘गोतसभा’. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणीत तर गोत आणि लाकूड एकत्रच आले आहेत. आता लग्नाची बोलणी आठवून बघा. मुलाचे गोत्र विचारतात, म्हणजे गाईंचे आवार. वंश विचारतात, म्हणजे आढ्याचा बांबू. मग मुहूर्तमेढ रोवतात आणि मांडव घालतात. पंचांग बाजूला ठेवून नुसत्या शब्दांकडे पाहिले तर दोन घराणी मिळून एक गोठा उभारताहेत असे वाटावे.

आणि ‘गोठा’? तो ‘गोष्ठ’, म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. त्यावरून ‘गोष्ठी’. गाई जमतात ती जागा, मग माणसे जमतात ती जागा, मग जमलेल्यांचे बोलणे, आणि बोलण्यातला विषय. मराठीत शेवटी ‘गोष्ट’ उरली, आणि तिचे दोन अर्थ झाले: सांगायची कथा आणि कुठलीही बाब. मघाशी मी गोष्ट निघाली म्हटले ते या दुसऱ्या अर्थाने. इतका पसरट शब्द मराठीत दुसरा क्वचितच असेल आणि तो निघाला शेणामुताच्या जागेतून. कोकणात गावची गुरे उन्हाच्या वेळी झाडाखाली जमतात त्या जागेला ‘गोठण’ म्हणतात; गुराखीही तिथेच बसतात आणि गावभरच्या गोष्टी करतात. शब्दकोशाने सांगितलेला प्रवास तिथे रोज दुपारी घडत असे.

शाळेचेही तसेच. वेदातली ‘शाला’ म्हणजे झोपडी, छप्पर; तिच्यात माणसांबरोबर गाई आणि घोडेही असत. आज आपण ‘गोशाळा’ म्हणतो तेव्हा शाळेत गाई नेऊन बसवल्यासारखे वाटते. इतिहास उलटा आहे, मुले मागाहून आली.

भिंतींबद्दल मात्र भाषेने आपल्याला चांगलेच चकवले आहे. ‘भिंत’ म्हटले की डोळ्यांसमोर दगड, विटा, माती येते. पण ‘भित्ति’ हा शब्द ‘भिद्’ धातूचा, म्हणजे फाडणे, चिरणे. शतपथ ब्राह्मणात भित्ति म्हणजे चिरलेल्या वेतांचा तट्टा. ज्याला आपण कूड म्हणतो, कारवीच्या काठ्यांचा, शेणमातीने लिंपलेला, ती खरी मूळची भिंत. तेव्हा खांब आणि छप्पर घर तोलीत आणि भिंत फक्त वारा अडवी. पुढे भिंत भार उचलू लागली, खांब हळूहळू तिच्यात गडप झाले, पण नाव तट्ट्याचेच राहिले.

याचा पुरावा जमिनीतही आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती तिथे निघाली. खांब अर्थातच मिळाले नाहीत, मिळाली ती खांबांची खळगी. लाकूड कुजून जाते, त्याच्या जागी वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरते, आणि उत्खनन करणारा त्या काळसर वर्तुळांवरून घर चौकोनी होते की गोल ते सांगतो. आरंभीची घरे मोठी चौकोनी, शेवटच्या काळातल्या झोपड्या लहान आणि गोल. मेढ रोवली की जमीन तिची आठवण ठेवते. तळखड्याच्या दगडावर नुसता टेकवलेला खांब असे काही मागे ठेवत नाही.

तळखडा हा खांबाच्या इतिहासातला मोठा बदल. खांब जमिनीतून वर काढला आणि दगडावर ठेवला. लाकूड कुजायचे थांबले, वाडे शतकभर टिकू लागले. पण रोवलेला खांब आपल्या बळावर उभा राहतो, ठेवलेला राहत नाही. त्याला चारी बाजूंनी जखडावे लागते, तुळया सांध्यांनी एकमेकींत अडकवाव्या लागतात. सुताराची कारागिरी खरी वाढली ती इथे. जुन्या सवयी मात्र दगडातही गेल्या. भाज्याचे चैत्यगृह इ.स.पू. दुसऱ्या शतकातले, त्याचे खांब वरच्या बाजूला आत झुकलेले कोरले आहेत. लाकडी कमानीचा रेटा सोसायला जमिनीत रोवलेले खांब तसे कलते लागत. डोंगरात कोरलेल्या खांबावर कसला रेटा यायचा? पण कोरणाऱ्याच्या डोळ्यांना खांब तसाच दिसायला हवा होता.

आजच्या गोठ्याची भाषा निराळी आहे. त्याला मुळात गोठाही म्हणत नाहीत, ‘शेड’ म्हणतात. ‘दहा म्हशींचं शेड टाकलंय’. सिंधुदुर्गातला ‘मांगर’ आणि जुन्नरकडचा ‘झाप’ अजून जीव धरून आहेत, बाकी सगळीकडे शेडच. वाशांच्या तिकाटण्याच्या जागी लोखंडी ‘कैची’ आली, आणि ती तुर्की भाषेतली कात्री. सरकारी कागदांत मात्र गोठा टिकला. २०२१ साली आलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा गुरांसाठी ७७ हजार १८८ रुपयांचा गोठा ठरला होता: ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, आत गव्हाण आणि मूत्राची टाकी. गोठा मात्र ‘पक्का’ हवा. पक्का म्हणजे ‘पक्व’, भाजलेला. शब्द विटेच्या भट्टीतून आला आहे. त्या हिशेबाने लाकूड कितीही टणक असले, खैराचा खांब बापाने रोवलेला नातवाच्या काळात शाबूत असला, तरी तो कच्चाच. मला हा न्याय पटत नाही. खड्ड्यात मुरूम नीट ठोकला असेल तर मेढींचा गोठा वादळात झुलतो आणि पुन्हा सरळ होतो. चार इंची विटांची, पाया उथळ घेतलेली भिंत तशी झुलत नाही, ती आडवी होते.

पत्र्याशी मात्र माझे भांडण नाही. पन्हळी पत्र्याचे एकस्व लंडनच्या गोदीवरचे अभियंते हेन्री पामर यांनी १८२९ साली घेतले, आणि शतकभरात तो जगभरच्या गोठ्यांवर चढला. पन्हळ म्हणजे ‘प्रणाल’, पाणी वाहून नेणारी वाट. पत्र्यात अशा वाटा पाडल्या की पातळ लोखंडही वाकत नाही आणि पाणी नेमके वळचणीला येते. आणि ‘पत्रा’ म्हणजे ‘पत्र’, म्हणजे पान. त्याही आधी पंख, कारण धातू ‘पत्’, उडणे. पाखही पंख आणि पत्राही पंख. आधी पळसाची, माडाची, गवताची पाने छपरावर होती, आता लोखंडाचे पान आहे. शब्दाने मध्ये पोस्टाचे पत्र आणि वहीचे पान करून घेतले, पण छप्पर सोडले नाही.

पत्र्याचा एकच दोष, तो तापतो. मार्च लागला की खालच्या जनावरांना धाप लागते आणि दूध घटते. मग शेतकरी पत्र्यावर उसाच्या पाचटाचा हातभर थर टाकतो, वर जुनी जाळी ओढतो आणि दोरीने आवळतो, नाहीतर वळवाचा वारा सगळे शेजारच्या रानात नेऊन टाकेल. वर चढलेला पोरगा विचारतो, दोरी कुठं अडकवू? खालून म्हातारा ओरडतो, वाशाला बांध. वासा आता दीड इंची चौकोनी पाइप आहे, पण पोरगा बरोबर त्यालाच दोरी बांधतो.